मागच्या काचेवरचा गोल डाग

"मैडम, ये उतरवाना पड़ेगा. इससे पार्टी बिदकती है."

शोरूमच्या मागच्या अंगणात तो माणूस आमच्या जुन्या गाडीभोवती फिरत होता. बॉनेटवर थापा मारत होता, दारं आपटून बघत होता. गाडीची किंमत ठरवायचं काम त्याच्याकडे. मागच्या काचेपाशी थांबला आणि हातातल्या पेनाच्या टोकानं दाखवलं. बोट लावलं नाही. निळं चक्र. बाबांनी दीक्षाभूमीवरून आणून लावलेलं, वाटीएवढं स्टिकर.

"पार्टी म्हणजे कोण?" मी हिंदीत विचारलं.

"खरीदने वाली पार्टी, मैडम. आप तो समझती हैं." हसला. खिशातून ब्लेड काढलं.

समजत होतंच. नुसतं समजत नव्हतं, अंगाला झोंबत होतं. गुडगावच्या रस्त्यावरचं ते काचेचं शोरूम. आत एसी, कॉफीचं मशीन, खुर्ची ओढून देणारा टायवाला सेल्समन, तोंडात सारखं मॅडम मॅडम. ते सगळं पुढच्या दाराला. जुनी गाडी द्या, नवी घ्या, फरक तेवढा भरा. आणि मागच्या अंगणात हे.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाबांनी डोळ्यांनीच मला थांबवलं. त्या माणसाला म्हणाले, "ब्लेड रहने दो. मैं निकालता हूँ."

वाकले. नखांनी कडा उचलू लागले. हळूहळू, फाटू नये म्हणून. तरी फाटलंच. तुकडे त्यांनी रुमालात घेतले, रुमाल खिशात ठेवला. तो माणूस घड्याळाकडे बघत उभा होता. काचेवर एक गोल डाग राहिला. पुसून पुसून गेला नाही.

माझे बाबा ड्रायव्हर होते. एका मंत्रालयात स्टाफ कार चालवायचे. सगळी नोकरी साहेबांना आणण्या-पोचवण्यात गेली. आम्ही दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. लहानपणी एकदा मी त्यांच्याबरोबर एका साहेबांच्या बंगल्यावर गेले होते. बाबांना चहा आला. कप बागेतल्या नळाशी उपडा ठेवलेला होता, बाबांनी तो स्वतः विसळला, चहा पिऊन पुन्हा विसळून उपडा घातला. मला वाटलं, बाबांसाठी खास कप आहे. घरी येऊन मी आईला कौतुकानं सांगितलं. आईनं त्या दिवशी स्वयंपाक केला नाही.

मी शिकले. परीक्षा दिल्या. त्याच सरकारात सेक्शन ऑफिसर झाले. कर्ज काढून छोटी पांढरी गाडी घेतली आणि मुद्दाम बाबांच्या नावावर केली. गाडीच्या आरसी बुकवर मालकाच्या जागी त्यांचं नाव. जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या चालवलेल्या माणसाचं. ते आरसी त्यांनी शेजाऱ्यांना दाखवलं, पोस्टमनला दाखवलं. मग चक्र आणून लावलं.

दिल्लीत आमचं आडनाव कुणाला कळत नाही, हा एक आराम होता. 'महाराष्ट्रियन' म्हटलं की लोक पुढं विचारत नाहीत. विचारतात ती आपलीच माणसं. मराठी मंडळाच्या गणपतीत हातावर प्रसाद ठेवता ठेवता, "मूळ गाव कुठलं तुमचं?" पण बाबांना लपायचं नव्हतं. ते म्हणायचे, "आडनाव कळत नाही ना यांना? मग चक्र बघू देत."

नवी गाडी आली. आम्ही दिल्लीतच, द्वारकेच्या सोसायटीत राहायला आलो होतो. मेट्रो नुकतीच सुरू झाली होती, पण बाबांचे गुडघे गेले होते. त्यांनी मागच्या सीटवर पाय पसरून बसावं, एवढीच माझी हौस. जुन्या गाडीची मालकी बदलायच्या कागदांवर शोरूमवाल्यांनी बाबांच्या सह्या घेतल्या होत्या. "ट्रांसफर हम करवा देंगे, आप बेफ़िक्र रहिए." मी दर थोड्या दिवसांनी फोन करायची. काम चालू आहे म्हणायचे.

मग एका रविवारी सकाळी गेटवरून इंटरकॉम आला. पोलीस आलेत.

बाबांच्या नावावरच्या गाडीनं एका सायकलवाल्याला उडवलं होतं. पाय मोडलेला, माणूस हॉस्पिटलात, गाडी चालवणारा पळालेला. "मालिक को थाने चलना पड़ेगा." बाबा बनियनवर होते. शर्ट घालू का, असं त्यांनी विचारलं. त्या पोरगेल्या शिपायाला. परवानगी मागितली. लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरचे दोघे होते. त्यांनी आधी शिपायाकडे पाहिलं, मग बाबांकडे, मग भिंतीकडे.

ठाण्यात शोरूमचा मॅनेजर आला होता. आणि गाडी ज्याच्या दारात सापडली तो, प्रॉपर्टीचा धंदा करणारा माणूस, बोटात अंगठ्या. गाडी त्यानं शोरूममधूनच घेतली होती. मॅनेजरनं मात्र कानावर हात ठेवले. म्हणे विकणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं आपापसात ठरलं, आम्ही फक्त मध्ये होतो. मी नव्या गाडीचं बिल टेबलावर टाकलं. जुनी गाडी तुम्ही घेतलीत, तिची किंमत वजा केलीत, हे काय आहे?

इन्स्पेक्टरनं बिल पाहिलं. मग बाबांना विचारलं, "आप करते क्या थे?"

"ड्राइवर था, साहब."

मॅनेजर पुढं सरकला. "सर, काग़ज़ पर गाड़ी इनकी है. और ये ड्राइवर आदमी हैं. चला भी यही रहे होंगे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गुडघे वाकत नाहीत त्या माणसाचे! शोरूममध्ये हाच मॅनेजर त्यांना 'अंकल जी' म्हणून मिठाईचा डबा देत होता. मी आवाज चढवला. त्यावर तो अंगठ्यांवाला माझ्यापेक्षा मोठ्यानं बोलू लागला. त्याचीही फसवणूक झाली होती म्हणे.

"आरसी माँग-माँग के थक गया मैं. शीशे पर गोल निशान था, पूछा क्या था. बोले ओम लगा था. किसी रिटायर पंडित जी की गाड़ी है, पूजा-पाठ वाला घर है."

मॅनेजर मोबाइलशी चाळा करू लागला. आरसी का दिलं नाही, कागद का पुढं सरकले नाहीत, ते मला तिथं उभ्या उभ्या कळलं. कागद निघाले असते तर नाव निघालं असतं, नावावरून चौकशी झाली असती आणि पंडितजी खोटे पडले असते. विकताना आमचं नाव चालत नव्हतं. गुन्ह्याला मात्र चाललं.

आणि बाबा बोलले. त्या दिवशी पहिल्यांदाच आवाज उंच करून.

"ओम नहीं था. चक्र था. मैंने अपने हाथ से निकाला था."

अंगठ्यांवाल्यानं त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "पता होता तो हाथ नहीं लगाता."

सरळ म्हणाला. इन्स्पेक्टरसमोर. कुणी त्याला गप्प बस म्हटलं नाही.

सायकलवाल्याचा जबाब आला तेव्हा बाबांना सोडलं. गाडी चालवणारा कोवळा पोरगा होता असं त्यानं सांगितलं. अंगठ्यांवाल्याचा पुतण्या निघाला. पण मालक म्हणून नुकसानभरपाईची नोटीस बाबांच्याच नावानं आली. मी बाबांच्या नावानं शोरूमवर ग्राहक कोर्टात तक्रार टाकली. तक्रारीत सगळं लिहिलं. ब्लेड. नखं. ओम. पंडितजी. 'पता होता तो.' एक अख्खा परिच्छेद.

आमचे वकील भले गृहस्थ. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "मैडम, ये पैरा निकाल दीजिए. गाड़ी का केस है, गाड़ी तक रखिए."

मी काढला नाही. शोरूमला तो परिच्छेद बरोबर बोचला. काही तारखा झाल्यावर त्यांच्या बाजूनं तडजोडीचा कागद आला. मालकी बदलून देतो, नुकसानभरपाईचा भार आम्ही उचलतो, वर तुम्हाला त्रासाबद्दल काही देतो. अट एकच. तो परिच्छेद मागे घ्यायचा. सायकलवाल्याला त्याची भरपाई मिळणारच होती, ती कुणी द्यायची एवढाच वाद होता. आमचे वकील खूष. "इससे अच्छा कुछ नहीं मिलेगा."

खरं सांगते, मी डगमगले. सही बाबांची लागणार होती. नोटीस त्यांच्या नावाची, रात्रीची झोप त्यांची गेलेली. आदल्या दिवशीच म्हणाले होते, "मिटव गं बाळा. किती रजा काढशील माझ्यापायी?" मी ठरवलं, ते सही करतील तर आपण मध्ये पडायचं नाही.

कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर बसून बाबांनी तो कागद सगळा वाचला. वकिलांनी पेन दिलं. मॅनेजर समोरच उभा, पुन्हा 'अंकल जी' वर आलेला.

बाबांनी विचारलं, "वो ओम वाली बात इसमें से निकाल दी?"

"जी अंकल, उसकी क्या ज़रूरत है."

बाबांनी पेनाला टोपण लावलं. परत दिलं. "फिर तो गाड़ी पंडित जी की ही रह गई."

आणि गुडघ्यावर हात टेकून उठले. मी त्यांचा दंड धरला. नळाशी उपड्या ठेवलेल्या कपाबद्दल त्यांना एक दिवस विचारायचं, असं मी वर्षानुवर्षं घोकत होते. आता विचारायचं काही उरलं नव्हतं.

वकिलांनी समजावलं, मग चिडले. तो परिच्छेद आपण वाचणार नाही म्हणाले. मी त्यांचे आभार मानले आणि केस त्यांच्याकडून काढून घेतली. या कोर्टात वकील लागतोच असं नाही. तक्रारदारातर्फे घरचं माणूस उभं राहू शकतं. मी बाबांकडून तसं लिहून घेतलंय.

आता प्रत्येक तारखेला मी जाते. ते पुढची तारीख मागतात, मिळते. मॅनेजर व्हरांड्यात मला नमस्ते करतो. मी करत नाही. ऑफिसात म्हणतात, एवढ्याशा स्टिकरवरून किती ताणणार. मंडळातले एक काका म्हणाले, आपल्या गोष्टी अशा चारचौघांत कशाला. आपल्या म्हणे. मूळ गाव विचारताना आम्ही आपले नव्हतो.

मला त्यांची माफी नको. भरपाईतही माझा जीव अडकलेला नाही. युक्तिवादाची पाळी येईल त्या दिवशी मी उभी राहणार आणि तो परिच्छेद वाचणार. मॅनेजर समोर बसलेला असताना, भरल्या खोलीत, मोठ्यानं. बाबांचं नाव, आडनाव, जात, ते चक्र, आणि ते काढायला लावणारा हात कुणाचा होता ते. बाबा तोवर असतील किंवा नसतील. एक शब्द गाळणार नाही.