हातमोजे, एक जोड

"इनके हाथ क्यों ढके हैं?" बाहेरगावाहून आलेल्या प्राध्यापकांनी विचारले.

मी मोडी कागदांचा रुमाल, म्हणजे कागद बांधून ठेवलेले कापडी गाठोडे, सोडत होतो. माझ्या हातांत पांढरे सुती हातमोजे होते. शेजारी भय्यासाहेब, आमच्या संशोधन ग्रंथालयाच्या हस्तलिखित विभागाचे प्रमुख, तेच कागद उघड्या बोटांनी उलटत होते. अंगठ्याला पानाचा चुना लागलेला. माझ्याकडे पाहून ते म्हणाले, "कागज़ की भलाई के लिए."

टेबलाभोवतीचे सगळे हसले. मीही हसलो.

हे आधीच नोंदवून ठेवतो. स्वतःला गैरसोयीची गोष्ट जो साक्षीदार शेवटी सांगतो, त्याच्यावर कोणी विश्वास ठेवू नये. मीही हसलो. मला वाटले, माझे कौतुक झाले.

जबलपुरात मराठी माणसे दोन वाटांनी आली. भय्यासाहेबांचे पूर्वज मराठ्यांच्या चाकरीत कारकून म्हणून आले. माझे वडील संरक्षण कारखान्यात मजूर म्हणून आले. भय्यासाहेबांच्या पूर्वजांनी ते मोडी कागद लिहिले होते. माझ्यासारख्यांची नावे त्या कागदांत वेठीच्या याद्यांतून सापडत. आमचे घर बौद्ध. हे भय्यासाहेबांना माझ्या अर्जावरून माहीत होते, आणि त्यांनी ते कधीही तोंडाने उच्चारले नाही. त्याला मी त्यांची सभ्यता समजत असे.

पहिल्या दिवशी त्यांनी हातमोज्यांचे पाकीट टेबलावर सरकवले होते. "तुझ्यासाठी मुद्दाम मागवले, बरं का. जुना कागद आहे. सांभाळून."

मी ते घरी नेऊन बायकोला दाखवले. दर शनिवारी ती ते धूत असे आणि अंगणातल्या दोरीवर बोटे खाली करून वाळत घालत असे. शेजारचे विचारत, तेव्हा मी सांगत असे की माझे काम नाजूक आहे. तीस वर्षे मी असे सांगत होतो. विभागात इतर कोणीही हातमोजे घालत नव्हते, आणि हे तीस वर्षे माझ्या डोळ्यांसमोर होते. मी त्याचा अर्थ असा लावला होता की इतर निष्काळजी आहेत.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी ग्रंथालयातून फोन आला. भय्यासाहेब वारले होते. त्यांचे पुतणे संचालक झाले होते. अनुदान देणाऱ्यांनी विचारले होते की तुमच्या कर्मचाऱ्यांत सगळी आडनावे एकाच प्रकारची कशी? तेव्हा संचालकांना वंचित घरांतली मुले आणणारी एक समिती हवी होती आणि समितीला एक अध्यक्ष.

"काका, तुमच्याइतका योग्य माणूस कोण आहे? तुम्ही तर घरचेच."

मी फोटोपुरता हवा होतो, हे मला त्याच दिवशी कळले. तरीही मी होकार दिला. कागदावर अधिकार मिळाला की तो वापरायचा असतो, असे माझे मत आहे. मी पनागर, पाटण आणि कुंडमच्या महाविद्यालयांना पत्रे लिहिली. उत्तर आले नाही तेथे स्मरणपत्र लिहिले. स्मरणपत्राला उत्तर आले नाही तेथे बसने गेलो. पाच तरुण प्रशिक्षणार्थी म्हणून आणले. त्यांचे आईबाप शेतात, खदानीत, विडीच्या कामात. त्यांच्या घरांतून कोणीही या इमारतीची पायरी चढलेले नव्हते.

त्यांत फुलवती मरावी होती. कुंडमकडच्या गोंड कुटुंबातली, ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतलेली. आठ महिन्यांत ती माझ्या टेबलावर मोडी वाचायला शिकली. मला तेच शिकायला चार वर्षे लागली होती. विभागात साहाय्यकाची एक कायम जागा होती, आदिवासी उमेदवारासाठी राखीव. बारा वर्षे रिकामी. दर वेळी शेरा एकच : योग्य उमेदवार उपलब्ध नाही. या वेळी योग्य उमेदवार उपलब्ध होती, आणि मुलाखतीची तारीख लागली होती.

पण आधी या पाच जणांचा पहिला दिवस सांगितला पाहिजे.

पहिल्या दिवशी मी भांडारातून पाच जोड हातमोजे मागवले आणि पाच जणांपुढे ठेवले. स्वतःच्या हाताने. चौघांनी घातले. फुलवतीने उचलले, उलटून पाहिले आणि खोलीभर नजर फिरवली. पलीकडच्या दोन टेबलांवर जुने कर्मचारी काम करत होते. सगळ्यांचे हात उघडे.

"सर, ये सिर्फ हम लोगों के लिए है?"

"नियम है."

"कौन सा नियम, सर?"

 ती आदर राखून पुढे म्हणाली, "कोर्स में तो पढ़ाया था कि हाथ धोकर, सुखाकर छूना अच्छा. दस्ताने में कागज़ का किनारा पता नहीं चलता. फट जाता है."

आयुष्यभर मी लोकांना विचारत आलो आहे : कोणता नियम, कोणते कलम, कोणत्या तारखेचा आदेश? नळाच्या पाण्यापासून पेन्शनपर्यंत. आणि तीस वर्षे माझ्या दहा बोटांवर असलेल्या गोष्टीबद्दल हा प्रश्न मी एकदाही विचारला नव्हता. एका मुलीला तो विचारायला अर्धे मिनिट लागले.

तीन दिवस मी परिपत्रके चाळली. मग माहितीच्या अधिकारात अर्ज केला. मुदतीच्या शेवटच्या दिवशी एका ओळीचे उत्तर आले : ऐसा कोई नियम अभिलेख में उपलब्ध नहीं है।

ते मी बायकोला वाचून दाखवले. ती भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"मले तर पहिल्याच शनिवारी समजलं होतं."

"काय समजलं होतं?"

"ते काहून देऊन राहिले, ते. हातमोजे कागदासाठी असते तर तिथंच धुतले असते. घरी काहून पाठवते?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही खूश होते ना. रोज सकाळी ऐटीत खिशात ठेवून राहिले होते. काय सांगू मी?"

अस्पृश्यता कोणत्याही स्वरूपात पाळण्यास आपल्या संविधानाने मनाई केली आहे. 'कोणत्याही स्वरूपात' हे शब्द मी लोकांच्या अर्जांत किती वेळा लिहिले असतील. स्वच्छ, सुती, दर शनिवारी धुतलेल्या स्वरूपातही ती असू शकते, हे माझ्या बायकोला कायदा न वाचता कळले होते.

दुसऱ्या दिवशी मी पाचही जोड भांडारात परत केले आणि पोच घेतली. पाचही जण साबणाने हात धुऊन, पुसून कामाला बसले. पलीकडच्या टेबलांवरून कोणीही हरकत घेतली नाही. तेव्हाच मला सावध व्हायला हवे होते.

आठवड्याभरात आमचे टेबल कपाटांपासून दूर, जिन्याखाली गेले. नंतर विभागाचे कुलूप बदलले आणि नवी किल्ली आम्हाला दिली नाही. आम्ही परत केलेला प्रत्येक रुमाल आमच्यासमोर पुन्हा सोडला जाऊ लागला, आणि एक कर्मचारी त्यातली पाने मोजू लागला. मोजून झाल्यावर तो बोटे झटकत असे. जिन्यावरून चढणारे आमच्या डोक्यावर आले की बोलणे थांबवत. एके दिवशी पाटणचा मुलगा म्हणाला, "सर, यहाँ कुछ होने वाला है." मी त्याला कामात लक्ष द्यायला सांगितले.

मुलाखतीला दहा दिवस उरले असताना संचालकांनी मला बोलावले. टेबलावर एक मोडी पान होते. उजव्या बाजूने फाटलेले, तीन तुकडे. शेजारी टाइप केलेले ज्ञापन : प्रशिक्षणार्थी फुलवती मरावी यांनी निर्धारित हातमोजे न वापरल्यामुळे दुर्मीळ अभिलेखाची हानी झाली. खाली एकच सही बाकी होती. समितीच्या अध्यक्षाची.

"काका, बसा. चहा सांगू?"

"हे पान कधी फाटलं?"

"परवा. तिच्याच रुमालात सापडलं."

"नियमच नाही तर 'निर्धारित' कुठून आलं?"

ते हसले. त्यांच्या काकांसारखेच. "तुम्ही शब्दाशब्दाला काहून अडून राहिले, काका? सही केली तर बाकी चार जण राहतात, समिती राहते. नाही केली तर समितीच नाही. मग चौघंही घरी. तुम्हीच आणलं ना त्यांना? आईबाप तुम्हालाच विचारतील."

मी ज्ञापनाची प्रत मागितली. ती मिळाली नाही. विचार करायला वेळ मागितला. तो मिळाला, सोमवारपर्यंत.

जिन्याखाली येऊन मी फुलवतीला सगळे सांगितले. मुलाखत गेली तर पुढची कधी, हे कोणालाच ठाऊक नव्हते. मला वाटले, ती रडेल. ती म्हणाली, "मैंने नहीं फाड़ा, सर. नौकरी मिले न मिले, इतना लिखकर रखवा दीजिए. नहीं तो मेरे बाद कुंडम से जो भी आएगा, उसको यही कागज़ दिखाएँगे."

ते पान मी ओळखले होते. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मीच त्याची नोंद केली होती. विभागाच्या स्थितीवहीत प्रत्येक पानाची अवस्था लिहिलेली असे. मी वही मागितली. "जिल्दसाज़ के पास गई है," असे सांगण्यात आले. कोणत्या पुस्तक बांधणाऱ्याकडे, ते कोणालाच माहीत नव्हते.

पण मी आयुष्यात कार्बन न लावता काहीही लिहिलेले नाही. घरी पत्र्याच्या पेटीत त्या वहीच्या प्रती आहेत. रविवारी दुपारी मला ते पान मिळाले. माझे तरुणपणीचे अक्षर : दाहिनी ओर से फटा, तीन टुकड़े। फुलवतीच्या जन्मापूर्वी फाटलेले पान.

आणि त्याच ओळीत, पुढच्या रकान्यात, माझेच अक्षर : दस्ताने पहनकर ही छुएँ।

हा रकाना मला कोणी भरायला सांगितला नव्हता. मी स्वतः पाडला होता. अभिमानाने.

ही प्रत दाखल केली तर संचालक आधी दुसरा रकाना वाचतील. म्हणतील, नियम होता, तुमच्याच हातचा होता. ती दाखल केली नाही तर फुलवतीच्या नावावर ते पान कायमचे चिकटेल. दोन तास मी तो कागद समोर ठेवून बसलो होतो. मग लिहायला घेतले.

शपथपत्रात मी लिहिले आहे की हे पान मुळातच फाटलेले होते. दुसऱ्या रकान्यातला मजकूर हा नियम नाही. एका माणसाला त्याच्या जातीमुळे वेगळे ठेवण्यात आले, आणि त्याने त्या वेगळेपणाला मान समजून स्वतःच्या अक्षरात लिहून काढले. तो माणूस मी आहे. त्याच हाताने मी ते पाच मुलांपर्यंत पोचवले, त्याबद्दल त्या पाच जणांची मी लेखी माफी मागतो. ज्ञापनावर मी सही करणार नाही. समिती बरखास्त केल्यास आदेशाची प्रत द्यावी, म्हणजे मला त्या आदेशाला आव्हान देता येईल. चौघांना काढल्यास चार आदेश द्यावेत. बारा वर्षांच्या सर्व मुलाखतींचे शेरे, सदस्यांच्या नावांसह, द्यावेत. प्रती अनुदान देणाऱ्यांना आणि अनुसूचित जमाती आयोगाला रवाना करत आहे.

उद्या सोमवार आहे. मुले उद्या आत जाऊ शकतील की नाही, मला माहीत नाही. संध्याकाळी पाटणच्या मुलाचा फोन आला की फाटकावर नवा पहारेकरी आहे आणि त्याच्याकडे नावांची यादी आहे. मी पाचही जणांना कळवले आहे : साडेदहाला फाटकावर या. अडवले तर वाद घालू नका. अडवणाऱ्याचे नाव, वेळ आणि शब्द लिहून घ्या. जसेच्या तसे. मी तिथे उभा असेन.

बायकोने कपाटातून माझा जुना हातमोज्यांचा जोड काढून दिला. या वेळी तिने तो धुतला नाही. तो मी पाकिटात घातला आणि शपथपत्राच्या शेवटी सोबतच्या कागदांच्या यादीत, वहीची प्रत आणि ते एका ओळीचे उत्तर यांच्याखाली, तिसरा अनुक्रमांक लिहिला : हातमोजे, एक जोड, तीस वर्षे वापरलेले.

त्याखाली शेवटची ओळ आहे. उत्तर लेखी द्यावे. तोंडी कौतुक यापुढे स्वीकारले जाणार नाही.