बिननावाचा डबा

मंजुळाच्या घरात नाव नसलेलं भांडं नव्हतं. तांब्या, परात, पेले, अगदी चहाच्या गाळणीच्या दांड्यावरसुद्धा 'ह. म.' अशी अक्षरं कोरलेली. ह म्हणजे नवरा हरेश्वर, म म्हणजे ती स्वतः. वरळी कोळीवाड्यात हळद असो, बारसं असो, भांडी या घरातून त्या घरात फिरतात, आणि एकदा फिरली की ती कुणाची यावरून बायका जन्मभर एकमेकींचं तोंड बघत नाहीत. म्हणून नवं भांडं घेतलं की दुकानातच नाव घालून आणायचं, हा तिचा नेम. तेव्हा ओट्याखालच्या फळीवर आठ महिने पडून असलेला तो बिननावाचा स्टीलचा डबा घरचा नाही, हे आंधळ्यालाही कळलं असतं.

डबा परळच्या इटालियन हॉटेलचा होता. निदान प्रितेशने तसं सांगितलं होतं. प्रितेश म्हणजे तिचा थोरला, त्या हॉटेलच्या स्वयंपाकघरात कामाला होता. गेल्या ऑगस्टात डेंग्यूने त्याला चार दिवसांत नेलं. सत्तावीस वर्षांचा पोर.

आता मंजुळा कशी, ते आधी सांगायला हवं. लालबागच्या मासळी बाजारात तीस वर्षं तिचा पाट आहे. हलवा हातात घेऊन कुणी "ताजा आहे ना?" विचारलं की ती म्हणणार, "नाय, दवाखान्यात न्यायला आणलाय." जीभ अशी, पण मन वाईट नाही. फक्त एकदा 'नाही' म्हटलं की मग ब्रह्मदेव आला तरी 'हो' नाही. आणि तिच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं 'नाही' तिने पोटच्या पोराला म्हटलं होतं.

झालं असं, की हरेश्वरची बोट होती, दोन खलाशी होते, आणि बोटीवर प्रितेशने यावं असं घरात सगळ्यांनी धरून चाललेलं. पोरगा निघाला हॉटेलाचं शिकायला. वर शिकला काय, तर इटालियन. बापाने दोन दिवस तोंड फिरवलं आणि मग सोडून दिलं, समुद्रावर जाणारी माणसं तशी लवकर निवळतात. आई निवळली नाही. कामाचा पहिला दिवस होता. प्रितेश दारात उभा राहून म्हणाला, आये, डबा दे ना काहीतरी, तिथलं मला दोन वेळा नाही जाणार. मंजुळा मागे वळून न बघता म्हणाली, "लोकांना रांधून घालायला चाललास ना, मग तिथलंच खा. माझ्या हातचा डबा बोटीवर जाणाऱ्याला."

बोलून गेली. पुढे पोराने पुन्हा कधी मागितला नाही, आणि तिनेही कधी दिला नाही. तो रात्री एकला यायचा, ती पहाटे चारला मासळी आणायला भाऊच्या धक्क्याला जायची. सुट्टीच्या दिवशी तो घरी जेवायचा, पण वाढायची धाकटी बहीण भाविका. मंजुळाला वाटायचं, आज ना उद्या कंटाळून येईल बोटीवर.

सहा महिन्यांनी एका सोमवारी सकाळी ओट्यावर हा डबा दिसला. प्रितेश म्हणाला, काल मी केलंय, तुझ्यासाठी आणलंय, चाख. आणि डबा हॉटेलचा आहे हं, परत द्यायचाय. मंजुळाने झाकण उघडून बघितलं. फितीसारख्या रुंद पांढऱ्या शेवया, त्यात कोलंबी, वर हिरवं काहीतरी चुरलेलं. हळद नाही, मसाला नाही. तिने नाक मुरडलं आणि डबा तसाच भाविकाकडे सरकवला. भाविकाने मिटक्या मारत खाल्ला. संध्याकाळी मंजुळाने लेकासाठी निरोप ठेवला, बरं होतं म्हणावं.

पण डबा परत द्यायचा होता, आणि दुसऱ्याचं भांडं रिकामं पाठवायचं नसतं. ही काही मंजुळाची एकटीची रीत नव्हे. ज्याने भरून पाठवलं त्याला निदान चार साखरेचे दाणे तरी घालून परत करायचं, हे आपल्याकडे पोरींना फ्रॉकच्या वयात कळतं. त्यातून हे हॉटेलवाले, परके. कोळणीच्या घरचं म्हटल्यावर नाव राहायला नको? तिने सुक्या जवळ्याची चटणी केली, खोबरं स्वतः खमंग भाजून. वर तांदळाच्या दोन भाकऱ्या, घडी करून.

मग दर सोमवारी डबा यायचा आणि दर मंगळवारी भरून जायचा. भरलेली पापलेटं गेली, कोलंबीचं लोणचं गेलं, बोंबलाचं कालवण, सांडू नये म्हणून डब्याला फडकं बांधून, गेलं. घरच्यांना मंगळवारी शिळं कालवण, आणि हॉटेलच्या शेफला ताजं. हरेश्वर एकदा चिडवायलाही लागला, की त्या इटलीवाल्याला जावई करून घेणार आहेस काय. आणि डब्यातून आलेल्या शेवया? त्या भाविका खायची, ती नसली तर मंजुळा बाजारातल्या मांजरांना घालायची. पावणेदोन वर्षांत तिने एक घास तोंडात घातला नाही. दर वेळी विचारल्यावर मात्र म्हणायची, बरं होतं.

शेवटचा डबा आला त्या सोमवारी रात्री पोराला ताप भरला. पुढचं सांगण्यासारखं काही नाही. तेरावं झाल्यावर भाविकाने फ्रिजमधून डबा काढला तेव्हा आतलं सगळं नासलं होतं. मंजुळाने तो घासून पुसून फळीवर ठेवला, आणि तिथून तिचा जीव त्यातच अडकला. जेवायला बसली की डोळा त्या डब्यावर. आपण पोराशी खोटं बोललो, पावणेदोन वर्षं खोटं बोललो, हे तिला आत कुरतडत होतं. नणंद मालन येता-जाता टोचायची, की परक्याचं भांडं, तेही गेलेल्याने आणलेलं, घरात ठेवू नये. शेवटी एप्रिलात एका सोमवारी मंजुळाने भाविकाला सांगितलं, मला त्या हॉटेलात ने. डबा भरून परत करायचाय. आणि तो काय करायचा ते एकदा चाखायचंय.

त्या दिवशी तिने बाजार केला नाही. दोनदा आंघोळ केली, लिंबाची साल बोटांना, नखांना घासघासून चोळली. ठेवणीतली जांभळी साडी नेसली. डब्यात जवळ्याची चटणी आणि दोन भाकऱ्या भरल्या, डबा पिशवीत घातला, पिशवी मांडीवर ठेवून टॅक्सीत बसली. जुन्या गिरणीच्या आवारात हॉटेल होतं. दारातल्या मुलीने रिझर्वेशन आहे का विचारलं, तशी मंजुळा म्हणाली, "गावाला नाय जायचं बाय, जेवायचंय." मुलगी हसली आणि खिडकीजवळचं टेबल दिलं. माणसं चांगली होती, उगाच कशाला नावं ठेवा.

मेनू भाविकाने वाचून दाखवला. आधी लोणी लावलेला पाव आला. मग शिंपल्यांतल्या तिसऱ्या आल्या, खोलगट बशीत, मोजून नऊ. मंजुळाने शिंपला उचलून उजेडात धरला आणि सांगितलं की तिसऱ्या काल सकाळच्या आहेत, आणि उकडल्यात जास्त. शेजारच्या टेबलावर एक जोडपं आपल्या जेवणाचे फोटो काढत होतं. बाई म्हणाली, इथलं सीफूड किती फ्रेश असतं ना. मंजुळाने त्यांच्याकडे बघितलं आणि पुढचा शिंपला उचलला. आज भांडायला आली नव्हती.

मग त्या शेवया आल्या. रुंद, पांढऱ्या, कोलंबी घातलेल्या, वर हिरवं चुरलेलं. अगदी तशाच. भाविकाने काटा दिला, मंजुळाने तो बाजूला ठेवला आणि हाताने घास घेतला. हळूहळू चावला. दुसरा घेतला. भाविका बघत होती.

तिला आवडलं नाही. चीज जिभेला चिकटत होतं, मीठ कमी होतं, आणि कोलंबी बर्फातली होती हे तिला पहिल्या घासालाच कळलं. कुठेतरी तिला आशा होती की खाल्ल्यावर पोराच्या हाताची ओळख पटेल. तसं काही झालं नाही. ती मान खाली घालून खात राहिली, एकेक शेवई संपवली, बोटांनी ताट निपटून काढलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते तिने पुसलं नाही.

भाविकाने वेटरला सांगून प्रितेशच्या कामावरच्या जोडीदाराला बाहेर बोलावलं. जगदीश त्याचं नाव, नायगावचा, पोटावर पांढरा एप्रन. त्याने वाकून मंजुळाच्या पायांना हात लावला. ती म्हणाली, बाबा, तुमचा डबा राहिला होता माझ्याकडे, उशीर झाला, राग मानू नका. आणि पिशवीतून डबा काढून टेबलावर ठेवला.

जगदीशने डबा बघितला आणि खुर्ची ओढून बसला.

"मावशी, हा डबा हॉटेलचा नाही," तो म्हणाला. "आमच्याकडे स्टीलचे डबे नसतातच. हा प्रितेशचा. तुमच्या बाजारासमोरच्या भांड्यांच्या दुकानातून घेतला, मी होतो सोबत. दुकानदार म्हणाला नाव घालू का, तर हा म्हणाला नको. नाव घातलं तर आयेला कळेल."

"काय कळेल?"

जगदीशने भाविकाकडे बघितलं. मग हळूहळू सांगितलं. पोराला सगळं ठाऊक होतं. आई शेवया खात नाही, मांजरांना घालते, हे त्याला पहिल्या महिन्यातच कळलं होतं, आणि त्यावरून तो स्वयंपाकघरात हसायचासुद्धा. तरी दर रविवारी न चुकता करायचा. कारण दुसऱ्याचा डबा आई रिकामा पाठवणार नाही, हेही त्याला ठाऊक होतं. मंगळवारी दुपारी तो कुणाला हात लावू द्यायचा नाही. मागच्या दाराच्या पायरीवर बसून एकटा जेवायचा. जगदीशने मागितलं तर चटणीचं एक बोट द्यायचा, म्हणायचा, बाकी माझं आहे.

मंजुळाला आठवलं, एकदा जवळ्यात खडा राहिला होता म्हणून सगळी चटणी टाकून तिने पुन्हा केली होती. परक्याच्या दाताखाली येऊ नये म्हणून. पोराने नुसतं मागितलं असतं तर, असं तिच्या मनात आलं, आणि लगेच दुसरं आलं. मागितलंच होतं की. दारात उभं राहून मागितलं होतं. घरच्या डब्याला घरच्यानेच परक्याचं सोंग दिलं, तेव्हा कुठे आईच्या हातचं जेवण त्याच्यापर्यंत पोचलं. त्या चकाचक हॉटेलात, सगळ्यांसमोर, ती मोठ्याने रडली. जोडप्याने फोन खाली ठेवला. जगदीश तिचा हात धरून बसून राहिला.

सावरल्यावर तिने डबा उघडला आणि त्याच्यापुढे सरकवला. "खा," म्हणाली. तो तिथेच, एप्रनला हात पुसून, भाकरीचा तुकडा मोडून जेवला. रिकामा डबा त्याने धुऊन आणला, आणि परत देताना त्यात साखरेच्या चार पुड्या टाकल्या.

घरी जायच्या आधी मंजुळा लालबागला उतरली. बाजारासमोरचं दुकान उघडं होतं. तिने डबा काउंटरवर ठेवला आणि म्हणाली, यावर नाव घालून द्या. दुकानदार रामजी तिला वर्षानुवर्षं ओळखत होता. घरात काय झालंय तेही त्याला माहीत होतं. त्याने मशीन हातात घेतलं.

"ह. म. ना?"

"नाय. प्रितेश."

वर्षश्राद्धाला नातेवाइकांना भांडी वाटतात, त्यांवर गेलेल्याचं नाव घालतात, तसंच काही असेल असं रामजीला वाटलं. त्याने आवाज खाली आणून विचारलं, "आधी कै. लावायचं ना, मंजुळाताई? की पूर्ण स्मरणार्थ लिहू?"

"काय नको लावू," ती म्हणाली. "नुसतं नाव घाल. जेवायचा डबा हाय त्याचा."