सॉनाच्या दारावरचं पाखं

मिशिगनच्या पार उत्तरेला, सरोवराच्या काठी आमचं गाव, बहुतेक फिनलंडहून आलेल्या लोकांचं. त्यातली निम्मी घरं टाउनो हेइक्किलाने शाकारली. पंधरा वर्षं मी त्याच्या बरोबरीने जुने पत्रे उचकटले आणि नवे चढवले, पण एका छपरावर त्याने मला कधी नेलं नाही आणि स्वतःही पाय ठेवला नाही. ते त्याच्या थोरल्या भावाचं, एन्सिओचं घर.

बावीस वर्षांपूर्वी त्या घराला टाउनोनेच पत्रा घातला होता. ऑक्टोबर संपत आलेला. मागच्या पाख्यावर पोचेपर्यंत अंधारून आलं आणि बर्फाची भुरभुर सुरू झाली. पत्र्यावर साचलेला बर्फ एकदम घसरू नये म्हणून दारांच्या वर लोखंडी अडसर स्क्रूने आवळतात. पुढे फेब्रुवारीतल्या एका शनिवारी एन्सिओ घरामागच्या सॉनातून, म्हणजे वाफेच्या न्हाणीतून, तापल्या अंगाने बर्फात लोळायला बाहेर आला. आमच्याकडे सगळेच असं करतात. त्याच वेळी अख्ख्या पाख्यावरचा बर्फ त्याच्या अंगावर उतरला. खणून काढेपर्यंत सगळं संपलं होतं. टाउनोने वर पाहिलं, तर सॉनाच्या दारावर अडसर नव्हते. घाईत आपणच विसरलो, असं त्याने तिथल्या तिथे धरलं, आणि दफनाच्या दिवशी चारचौघांत बोलूनही टाकलं.

तेव्हापासून भावाने त्याची पाठ सोडली नाही. ऊन पडून बर्फ सैल झाला की पत्रा आधी कण्हतो, मग गडगडतो. तो कण्हण्याचा आवाज आला की टाउनो हातातलं काम टाकून लोकांच्या अंगणात शिरायचा आणि वळचणीखाली कोणी असेल त्याला शिव्या घालून हाकलायचा. शनिवारी सॉनात वरच्या फळीवर तो एक जागा मोकळी ठेवायचा. मी नवा होतो तेव्हा तिथे टेकायला गेलो, तर शांतपणे म्हणाला, "सरक जरा. तिथे तो बसलाय." मी खालच्या फळीवर उतरलो. कुठल्याही घरावर तो अडसरांची दुहेरी रांग ठोकायचा. "टाउनोच्या छपरावरून मांजरसुद्धा घसरायचं नाही," म्हणून लोक चिडवायचे. मला त्या लोकांचा राग यायचा आणि टाउनोचाही. मेलेल्याला इतका मान द्यायचा, तर जित्यांनी जगायचं कधी?

गेल्या सप्टेंबरात लेंपी, म्हणजे एन्सिओची बायको, चालत टाउनोच्या दारात आली. वय शहात्तर, पण जिभेला अजून धार.

"छप्पर गळतंय. बर्फ पडायच्या आत नवं घालायचंय."

"वेसला पाठवतो," टाउनो म्हणाला. वेस म्हणजे मी.

"वेसच्या स्वतःच्या घरात छत्री उघडून जेवतात. तू येणार असशील तर ये, नाहीतर माझ्याकडे बादल्या आहेत."

"लेंपी, मला नाही जमणार."

"बावीस वर्षं नाहीच जमलं. आता मी मरायची वाट बघतोयस का?"

टाउनो आला. पण पुढचं पाखं त्याने घेतलं आणि मागचं माझ्या गळ्यात मारलं. दोन दिवस तो आढ्याच्या पलीकडे काम करत होता आणि त्याचं तोंड मला दिसलं नाही. तिसऱ्या दिवशी मी सॉनाच्या दारावरच्या पत्र्याशी पोचलो. पत्र्याचे स्क्रू उंचवट्यांवर ओळीने असतात. इथे मात्र आठ स्क्रू भलत्याच जागी, सपाटीवर होते. एक काढून बघितला. तो पत्र्याचा नव्हता, अडसराचा होता, चांगला बोटभर लांब. आणि त्याच्या डोक्याखाली लाल रबराची चकती होती, कात्रीने वेडीवाकडी कापलेली. मुरंब्याच्या बरण्यांच्या झाकणाखाली बायका लावतात ते रबर.

"टाउनो, इकडे ये!"

"काय असेल ते तूच बघ."

"ये म्हणतोय ना!"

तो आढं ओलांडून आला. मी स्क्रू त्याच्या हातावर ठेवला. त्याने तो उलटसुलट करून बघितला.

"हा माझा आहे," तो म्हणाला. "मी लावले होते, वेस. अरे, मी अडसर लावले होते!"

"मग काढले कोणी?" मी विचारलं आणि लगेच जीभ चावली. लाल चकती त्याच्या तळहातावर होती.

आम्ही खाली उतरलो. स्वयंपाकघरात लेंपी वेलचीचा पाव कापत होती. टाउनोने मूठ उघडली. तिने सुरी खाली ठेवली.

"आठही सापडले?"

"अडसर तू काढलेस?"

"त्या जानेवारीत. अडसरामागे बर्फ तुंबायचा, त्याचं पाणी पत्र्याखाली शिरून माझ्या चुलीवर टपकायचं. एन्सिओ जंगलात लाकूडतोडीला गेलेला. तुला सांगितलं असतं तर उन्हाळ्यात बघू म्हणाला असतास. मी शिडी लावली, अडसर काढले आणि त्याच स्क्रूंनी भोकं बुजवली. त्यालासुद्धा बोलले नाही."

"आणि बावीस वर्षं तोंडात मिठाची गुळणी धरून बसलीस?" मी ओरडलो. "या माणसाने मरत मरत दिवस काढले!"

"गप, वेस," टाउनो म्हणाला.

"ओरडू दे त्याला," लेंपी म्हणाली. "दफनाच्या दिवशी मी सांगणार होते. माझ्याआधी हाच बोलला. सगळ्यांच्या माना याच्याकडे वळल्या आणि मला हायसं वाटलं, टाउनो. नवरा पेटीत होता आणि मला हायसं वाटलं. ते मला झोपू देत नाही. पुढे जीभ उचललीच नाही. म्हटलं, वर चढेल तेव्हा स्वतःच्या डोळ्यांनी बघेल."

टाउनो खुर्चीत बसला. मग म्हणाला, "गावात बोलू नकोस. दोष माझ्या नावावर आहे तो राहू दे. मला सवय झालीय."

"मला नाही झाली," लेंपी म्हणाली.

छप्पर पुरं झालं. पुढच्याच रविवारी चर्चमधल्या प्रार्थनेनंतर सगळे कॉफीला जमले असताना तिने उभं राहून सगळं सांगितलं. तिच्या टेबलावरची माणसं एकेक करून उठली. त्या हिवाळ्यात तिच्याकडे कोणी फिरकलं नाही. खरं सांगतो, मीही गेलो नाही. माझा राग अजून उतरला नव्हता.

जानेवारीत चार दिवस ऊन पडलं. टाउनो दुपारी कामावरून निघून जायचा तो दिवेलागणीला उगवायचा. मला वाटलं, पुन्हा गावभर वळचणी तपासत फिरतोय. चौथ्या दिवशी रस्त्याने जाताना खिडकीतून तो लेंपीच्या स्वयंपाकघरात दिसला. दोघं समोरासमोर बसलेली, कॉफी निवलेली.

"तिच्याकडे कशाला जातोस?" तो बाहेर आल्यावर मी विचारलं. "तिने तुझं आयुष्य खाल्लं."

"शेजारच्या छपरांवरचा बर्फ उतरायला लागलाय," तो म्हणाला. "पत्रा कण्हला की तिला एकटीला ऐकावं लागतं. ते कसं असतं, मला ठाऊक आहे."