वाकडी गौर

ये गं नीलू, अशी जवळ बस. तू तिकडे विश्रांतवाडीत बसून हे वाचते आहेस ते ठाऊक आहे मला, पण माझ्या मनात तू इथेच आहेस, नारायण पेठेत, माझ्या खाटेच्या कडेला. म्हणून आधी तुझा कान धरते. श्रीकांत, आमचा जावई, गेल्यापासून तू ब्रशला हात लावला नाहीस, रंगांची पेटी माळ्यावर टाकलीस, हे मला दुसऱ्याकडून कळावं? माझ्याशी फोनवर आपलं "बरं आहे, मावशी" एवढंच. अगं, तसं "बरं आहे" म्हणणाऱ्याचा आवाज मी ओळखते. दिवाळीपासून मीही तेच म्हणत होते. हे डाव्या हातानं, थांबत थांबत लिहिलंय. अक्षर लागेल तसं वाच.

तुला माझी रांगोळी माहीत आहे. दुसरं मला काही येतच नाही. पोथी उघडली की डोळा लागतो, जपाला बसले की भाजी काय करायची ते आठवतं. देवाशी माझं जे काही बोलणं व्हायचं ते चिमटीतून. शिकवलं कुणीच नाही. लग्न होऊन आले तेव्हा शेजारच्या बाई काढायच्या, त्यांच्या उंबऱ्याशी उकिडवी बसून बघायचे आणि घरी येऊन पिठानं गिरवायचे. चैत्रात गौर बसली की तिजेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत रोज दाराशी गेरूचा चौकोन आणि त्यावर चैत्रांगण. मधे देवळात झोपाळ्यावर गौर, भोवती सूर्य, चंद्र, शंख, कासव, तिची फणी, तिचा आरसा. इमारतीतले लोक थांबून बघायचे. मला वाटायचं, माझ्या हातात काहीतरी आहे.

दिवाळीच्या तोंडावर झटका आला आणि उजवं अंग गेलं. पाय ओढत का होईना चालू लागला, पण हात नाही. बोटं आहेत, चिमूट नाही. प्राजक्ता, माझी सून, सगळं करते गं, अंघोळ, वेणी, औषधं. तिच्याबद्दल वावगा शब्द काढणार नाही. पण आतून मी विझले होते. देवघरासमोर खुर्ची टाकून बसायचे आणि काही आठवायचं नाही. रुसायलासुद्धा समोर कुणीतरी लागतं, तसं कुणी आहे असंही वाटेना.

व्यायामाला जायचे तिथे उस्मानभाई भेटले. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या त्यांनी, त्यांचंही उजवंच गेलेलं. बाकीचे आम्ही रबरी चेंडू दाबत बसायचो. हे डाव्या हातात ब्रश धरून, पाण्यात बुडवून फरशीवर अक्षरं काढायचे आणि ती वाळेपर्यंत बघत राहायचे. अक्षरं काय, नुसत्या वेड्यावाकड्या रेघा.

एकदा न राहवून विचारलं, "उस्मानभाई, वाकडं आलं की जीव नाही जळत?"

"जळतो की, ताई. पण सरळ पाहिजे म्हणून दुकानदार अडून बसायचे. हा वरचा आजवर कधी अडला नाही." मग माझ्या मांडीवरच्या, मिटलेल्या डाव्या मुठीकडे बघून म्हणाले, "तुमचं बरंय. मूठच उघडायची नाही. वाकडं यायला नको आणि सरळ यायला नको."

मला राग आला होता. पण पुढे मी रोज त्यांच्या शेजारचीच खुर्ची धरायचे. फाल्गुन संपता संपता ते दिसेनासे झाले. मग त्यांची मुलगी आली, ब्रश राहिला होता तो न्यायला. दुसरा झटका, झोपेतच. पुढच्या खेपेला त्यांच्या खुर्चीत कुणी दुसरंच बसलेलं, चेंडू दाबत. तो दिवस मला अजून पचत नाही.

तिजेच्या सकाळी प्राजक्ता ऑफिसला निघताना म्हणाली, "आई, चैत्रांगणाचे स्टिकर मागवलेत, आज येतील. वाकायला नको, आणि पुसलंही जात नाही." मायेनंच म्हणाली. मला मात्र ते नको होतं. ती गेल्यावर रांगोळीचा डबा काढला, भिंतीला टेकून खाली बसले आणि डाव्या हातानं सुरुवात केली. घामानं न्हाले. झालं काय, तर जागोजागी ढीग. गौर कसली, मीठ सांडलेलं वाटत होतं. वरच्या मजल्यावरचे काका उतरले. "काकू, काही सांडलंय का? झाडायला पाठवू कुणाला?" म्हणाले आणि सूर्यावर बूट उमटवून गेले. त्या माणसाचं काय चुकलं? त्याला दिसलं ते तो बोलला.

तेव्हा किती महिन्यांनी मी देवीशी बोलले. म्हटलं, बाई, तूच सांग, ही तू आहेस का? आज एकानं जरी तुला ओळखलं तरी मी काढीन. नाहीतर डबा प्राजक्ताकडे देते, लाव म्हणावं स्टिकर. आणि दार उघडं टाकून बसले. माणसं आली, गेली. कुणी ओलांडलं, कुणी तुडवलं. दुपार झाली. डबा मांडीवर घेऊन मी झाकण लावलंसुद्धा.

इतक्यात पार्सलवाली बाई आली. चाळिशीची असेल, डोक्याला हेल्मेट, कपाळ मोकळं, घाईत. एक पाय पुढे टाकला आणि तसाच मागे घेतला.

"गौर बसलीया व्हय, आजी? थांबा, बूट काढते."

भिंतीला अंग चिकटवून, एकही ढीग न मोडता ती आली. पार्सल दिलं. खाली वाकून जमिनीला हात लावला. "कुंकू देता का? सकाळी धावपळीत राहिलं."

डाव्या हातानंच लावायला गेले. कुंकू भुवईपर्यंत ओघळलं. मी पुसायला गेले, तर मागे सरून पायरीशी लावलेल्या तिच्या गाडीच्या आरशात बघून हसली. "असू द्या. असंच ऱ्हाऊ द्या." आणि गेली. नाव विचारायचं राहिलं.

पार्सलमध्ये स्टिकरच होते. संध्याकाळी प्राजक्तानं सगळं ऐकलं, माझ्याकडे बघितलं, रांगोळीकडे बघितलं. "परत पाठवते. पण कारण विचारतायत, आई. काय लिहू? देवीला पसंत नाही?" आम्ही दोघी हसलो, आणि मग मी रडले, खूप दिवसांचं.

तू म्हणशील, त्या बाईनं गेरू बघितला असेल, चैत्र आहे हे तिला ठाऊक असेल. असेल. मी वाद घालत नाही. हात तसाच आहे. उस्मानभाई परत यायचे नाहीत, श्रीकांतही. संध्याकाळ अजून मला खायला उठते. एवढंच झालं, की रांगोळी सोडताना आता मी हाताशी भांडत नाही. मूठ उघडते, पडेल तिथे पडू देते. गौरीचं गौरीला कळतं, असं धरून चालते. त्या बाईचं कपाळ आठवलं की हात जोडले जातात, एक जुळतो, दुसरा नुसता टेकतो.

अक्षय्य तृतीयेला गौर जाईल. त्याआधी ये. आंब्याची डाळ प्राजक्ता वाटेल, पन्हं मी ढवळीन. आरसा मला अजून जमलेला नाही, तेवढी जागा तुझ्यासाठी गेरूतच मोकळी ठेवली आहे. दाराशी आलीस की चप्पल काढ आणि आधी खाली बघ, तुला ओळखू येते का. लवकर ये गं.