ओढ्याखालची आठ घरं

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी बहरीनमध्ये एका इंजिनियरिंग ऑफिसात सेक्रेटरी होते. माझे मिस्टर तिथल्याच हिद्द गावाच्या बाजूला जहाजदुरुस्तीच्या कामावर, आणि घर उम्म अल हस्सममध्ये, दोन खोल्यांचं. आमचे साहेब इंग्रज. रिटायर व्हायला त्यांना दोनेक वर्षं उरली होती.

एका गुरुवारी, अर्ध्या दिवसाची सुट्टी होता होता, त्यांनी माझ्या टेबलावर कागदांचा गठ्ठा ठेवला. म्हणाले, "हे ऑफिसचं काम नाही. नाही म्हणालीस तरी मी रागावणार नाही."

त्यांच्या गावाचा इतिहास होता तो, हाताने लिहिलेला. त्यांचं अक्षर ऑफिसात माझ्याशिवाय कुणाला लागत नसे. मी हो म्हटलं. त्यानंतर दर गुरुवारी दुपारी मी ते कॉम्प्युटरवर टाइप करू लागले.

गाव शंभर-सव्वाशे घरांचं. मधोमध एक हिरवळ, तिच्यावर बदकं. एक चर्च, दुसऱ्या पंथाचं एक प्रार्थनाघर, एक दारूचा गुत्ता, आणि पाव भाजणारे दोघे. चर्चमध्ये जाणारे एकाकडूनच पाव घ्यायचे, प्रार्थनाघरात जाणारे दुसऱ्याकडून. पावसात भिजतील, पण जवळच्या दुकानात पाऊल टाकणार नाहीत. हे टाइप करताना मला हसू आलं.

साहेब केबिनमधून बाहेर आले. "काही चुकलं का?"

"नाही सर. आमच्या गावात पिठाच्या दोन गिरण्या आहेत. वरच्या आळीचं दळण खालच्या गिरणीत जात नाही."

ते खुर्ची ओढून बसले. "आणि तुमचं कुठे जायचं?"

"कुठेही गेलं तरी शेवटी. सगळ्यांचं झाल्यावर. आमची वस्ती ओढ्यापलीकडे होती ना."

त्यांना ते कळेना. मग मी आमच्या बौद्धवाडीबद्दल सांगितलं, जेवढं मला इंग्रजीत जमलं तेवढं. बोलता बोलता मी समोरच्या कागदावरच्या एका ओळीवर बोट ठेवलं. ओढ्याखाली, सखल जागी, मजुरांची आठ घरं होती, एवढंच तिथे लिहिलं होतं.

"यांत कोण राहायचं, सर?"

"वीटभट्टीवरची माणसं."

"त्यांची नावं? तुम्ही चर्चच्या घंटांचीही नावं दिलीत."

साहेबांनी चष्मा पुसला आणि केबिनमध्ये निघून गेले.

घरी सांगितलं तर मिस्टर जेवताना थांबलेच. "अगं, साहेबाला शिकवायला गेलीस? आपला व्हिसा कुणाच्या हातात आहे?" शुक्रवार मी धास्तीत काढला.

शनिवारी ऑफिस उघडल्या उघडल्या त्यांनी मला बोलावलं. म्हणाले, "लहानपणी आई आम्हाला ओढ्याखाली खेळायला जाऊ देत नसे. कालच आठवलं. का, ते मी कधी विचारलं नाही."

त्या आठ घरांपैकी एका घरात अजून एक म्हातारी राहत होती. त्यांनी तिला पत्र लिहिलं. दीड महिन्याने उत्तर आलं, चांगलं पंधरा पानी. साहेबांनी ते माझ्यासमोर उभ्यानेच वाचलं, आणि मधेच एक पान माझ्या हातात दिलं.

म्हातारीने भट्टीचं लिहिलं होतं, हिवाळ्यात घरात शिरणाऱ्या पाण्याचं लिहिलं होतं. गावची शाळा त्यांच्याच विटांनी बांधली, आणि त्यांच्या पोरांना मागच्या बाकावर बसवलं. आणि मग आईबद्दल. तिची आई सुईण होती. चर्चवाल्यांची काय, प्रार्थनाघरवाल्यांची काय, गावातली सगळी पोरं तिच्याच हातावर जन्मली. पुढे लिहिलं होतं: 'तूसुद्धा. तू पायाळू होतास. आई रात्रभर तुमच्याकडे होती.'

"मला हे कुणी सांगितलं नव्हतं," साहेब म्हणाले. जरा वेळाने त्यांनी स्वतः जाऊन दोन कप चहा करून आणला. तसं त्यांनी आधी कधी केलं नव्हतं.

ओढ्याखालच्या घरांचं प्रकरण मग सगळ्यांत मोठं झालं. मी ते चार वेळा टाइप केलं आणि एकदाही कंटाळले नाही. साहेब रिटायर होऊन गेले. वर्षभराने पुस्तकाचं पार्सल आलं. आठही घरांतल्या माणसांची नावं त्यात होती, सुईणीचा फोटोही होता. मिस्टरांनी तो बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "आपल्या आत्यासारखी दिसते गं."

पार्सलात म्हातारीची माझ्या नावाने चिठ्ठी होती. साहेबांनी तिला आमच्या वस्तीबद्दल सांगितलं होतं. तुमच्या ओढ्याला उन्हाळ्यात पाणी असतं का, असं तिने विचारलं होतं. मी कळवलं, एप्रिलपर्यंत असतं. मग पत्रं सुरूच राहिली. ती गुडघेदुखीचं आणि कोबीच्या वाफ्यांचं लिहायची, मी मुलीच्या शाळेचं आणि बहरीनच्या उकाड्याचं. तिचं अक्षर साहेबांपेक्षाही वाईट होतं. एकेक पत्र लावायला मला दोन-दोन दिवस लागत, आणि ते दिवस मोठे मजेत जात.