शेवटचा हात कुणाचा

ही गोष्ट मी बरीच वर्षं टाळत आलो. वाचनालयाच्या स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा टाळली, सत्काराच्या भाषणात टाळली, घरात बायकोला सांगितली तीही अर्धीच. आता माझं वय झालं आहे, आणि जिची गोष्ट आहे ती ऐकायला उरलेली नाही. तेव्हा तुम्ही ऐका.

सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या शिवेवरच्या आमच्या गावात तिला सगळे सुभेदारीणबाई म्हणत. नवरा फौजेत सुभेदार होता म्हणून. तिचं खरं नाव मी लिहीत नाही. त्या नावाला माझ्यामुळे एकदा डाग लागला, तेवढं पुरे.

एस.टी. स्टँडसमोरच्या एका गाळ्यात ती कॉम्प्युटर दुरुस्त करायची. बंद पडलेलं मशीन समोर आलं की ती आधी उजव्या हातातल्या काचेच्या बांगड्या उतरवायची. सवाष्णीनं बांगड्या काढून ठेवू नयेत, म्हणून त्या टेबलावर न ठेवता डाव्या हातात चढवायची. त्यासाठीच ती कासाराकडून मापापेक्षा सैल बांगड्या भरून घ्यायची. मग उजवा हात मोकळा आणि डावा कोपरापर्यंत हिरवागार, अशा थाटात ती समोरच्या माणसाकडे बघायची आणि विचारायची, "शेवटचा हात कुणाचा?"

हा प्रश्न चुकला असं कधी झालं नाही. माणसं चिडायची. "आमच्यावर संशय घेता व्हय?" म्हणायची. ती शांतपणे म्हणायची, "मशीन लाजत न्हाई, माणूस लाजतोय. म्हनून माणसालाच आधी इचारायचं."

आमच्या दूध डेअरीच्या चेअरमननी एकदा शपथेवर सांगितलं की मशीनला कुणीही हात लावलेला नाही. तिनं सीडी घालायचा कप्पा उघडला. आत अर्धं खाल्लेलं ग्लुकोजचं बिस्किट निघालं. चेअरमनच्या नातवाचा पराक्रम. "मग ह्ये मशीननं सोता मागवलं व्हय?" ती म्हणाली. डेअरीत दूध घालायला आलेली सगळी माणसं हसली. चेअरमन हसले नाहीत. हे चेअरमन लक्षात ठेवा.

ती नम्र वगैरे अजिबात नव्हती. स्कूटीवरून गॉगल लावून फिरायची, भाजलेले शेंगदाणे खात बोलायची आणि बोलता बोलता स्वतःची तारीफ करायची. "आण्णा, पुण्याच्या पलीकडं माझ्यासारखी बाई न्हाई," असं एकदा मला म्हणाली. थोडा विचार केला आणि म्हणाली, "अलीकडं बी न्हाई." नवऱ्याच्या बदल्यांबरोबर ती छावण्या छावण्यांतून फिरली होती. तिकडे फौजींच्या बायकांसाठी वर्ग असायचे. "बाकीच्या बाया स्वेटर विणायला शिकल्या. मी मशीन उघडून बसले."

तिचा हंगाम दसऱ्यानंतर सुरू व्हायचा. खंडेनवमीला आमच्याकडे नांगरापासून जीपपर्यंत सगळ्याची पूजा होते, तशी कॉम्प्युटरचीही होते. हळद-कुंकू, फूल, अक्षता. पंख्याच्या जाळीतून ते सगळं आत जातं. दसरा झाला की ती ब्रश घेऊन गावभर हिंडायची आणि प्रत्येक ठिकाणी तेच बजावायची, "देवाला भायेरनं कुंकू लावा. आतनं लावू नगा."

मी तेव्हा वाचनालयाचा कार्यवाह होतो. माझी एक ख्याती होती, टापटिपीची. ज्या पुस्तकावर क्रमांक नाही, ज्या गठ्ठ्यावर चिठ्ठी नाही, तो माझ्या राज्यात टिकत नसे. थेट रद्दीत. लोक माझं कौतुक करायचे, आणि मला ते आवडायचं.

आमचं गाव फौजींचं. घरटी एकजण तरी वर्दीतला. कुणाचे पणजोबा परक्या देशात लढून आलेले, कुणी परत न आलेले. या सगळ्यांचे फोटो गोळा करून वाचनालयात एक दालन करायचं ठरलं. कल्पना आमच्या अध्यक्षांची, निवृत्त कॅप्टनसाहेबांची. घाम मात्र सुभेदारीणबाईंनी गाळला. अख्खा उन्हाळा ती वाचनालयात स्कॅनर मांडून बसली. म्हाताऱ्या बायका पदराखाली फ्रेम धरून यायच्या आणि फोटो हातातून सोडायच्या नाहीत. "आज्जे, आजोबाला मी ठिवून घेत न्हाई गं," ती म्हणायची, "चेहरा तेवढा उतरून घेते, आजोबा तुझा तुला परत."

ते फोटो घरोघर परत गेले. पुढच्याच पावसाळ्यात ओढ्याकाठच्या आळीत पाणी शिरलं आणि त्यातले कितीतरी कायमचे गेले. त्या माणसांचे चेहरे मग एकाच ठिकाणी उरले, वाचनालयाच्या मशीनमध्ये. दुसरी प्रत काढून ठेवा म्हणून ती मला दोनदा बोलली होती. मी म्हणालो, करू.

त्या वर्षी दसऱ्यानंतर ती नेहमीप्रमाणे मशीन साफ करायला आली. साफ केलं, आतला एक नवा भाग बसवला, झाकण लावलं. पण त्या दिवशी तारांच्या दुरुस्तीसाठी गावची लाईट बंद होती. एरवी ती मशीन चालू करून दाखवल्याशिवाय जात नसे. "लाईट आली की चालू करून बघा आन मला फोन करा," एवढं सांगून ती गेली.

दुपारी लाईट आली. मी मशीन चालू केलं. छान सुरू झालं, पहिल्यापेक्षा जलद. फोन करायचा राहिला. दालनाचं उद्घाटन जवळ आलं होतं आणि मशीन जागा संपल्याची तक्रार करत होतं. मी एक व्हिडिओ बघून सफाईचं एक सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. त्यात मशीनच्या पोटातले कप्पे दिसत होते. सी, डी अशी अक्षरं लावलेले मोठे कप्पे मला माहीत होते. त्यांच्यामध्ये एक चिमुकला कप्पा होता. त्याला नाव नव्हतं, अक्षर नव्हतं, काही नव्हतं. माझा हात सवयीनं गेला. पुसून टाकायचं का, असं त्यानं विचारलंही. मी हो म्हटलं, मशीन बंद केलं आणि समाधानानं घरी आलो.

दुसऱ्या दिवशी बटण दाबलं तर काळा पडदा आणि त्यावर पांढरी एकच ओळ. सुरू करण्यासारखं काही सापडत नाही, अशा अर्थाची.

मला त्याच क्षणी कळलं होतं. कळलं नाही असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगितलं, पण कळलं होतं.

बातमी फिरली. फोटो गेले म्हणून दोन म्हाताऱ्या वाचनालयाच्या पायरीवर येऊन बसल्या. कॅप्टनसाहेबांनी कमिटी बोलावली, सुभेदारीणबाईंना बोलावलं. ती आली, बांगड्या डाव्या हातात चढवल्या आणि सवयीनं विचारलं, "शेवटचा हात कुणाचा?"

डेअरीचे चेअरमन कमिटीत होतेच. ते म्हणाले, "आता तर तुमचाच की, सुभेदारीणबाई. काल तुमीच झाकण उघडलं व्हतं."

ती माझ्याकडे बघून हसली. म्हणजे, आण्णा सांगतील, अशा अर्थाचं हसली. मी चष्मा पुसत होतो.

तिनं वाद घातला नाही. कमरेला किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवलेला पेनड्राइव्ह काढला, मशीनला लावला आणि काळ्या पडद्यावर काहीबाही टाइप करत बसली. कॅप्टनसाहेबांना राहवेना. "पोझिशन काय आहे?"

"फौज समदी शाबूत हाय, साहेब," ती म्हणाली. "बराकीत हाय. फकस्त बिगुलवाला न्हाई."

"म्हणजे?"

"मशीनला सकाळी उठवणारा एक असतोय. बूटलोडर म्हंत्यात त्याला. लय बारका. त्यो आधी उठतोय आन बाकीच्यांना उठवतोय. त्योच नसला तर आख्खी पलटण झोपूनच राहती. आता ह्यो पेनड्राइव्ह म्हंजे मी शेजारच्या पलटणीतनं बिगुलवाला मागून आणलाय. ह्यानं एकदा उठवलं की मग हितलाच एक नवा भरती करू."

निवृत्त फौजींची कमिटी ती. सगळ्यांना एका झटक्यात कळलं. कुणीतरी म्हणालं, "मग वाजवा की बिगुल."

तिनं जागा काढून नवा चिमुकला कप्पा केला, त्यात तो बूटलोडर बसवला, पेनड्राइव्ह उपसला आणि बटण दाबलं. पडदा काळा झाला. मग निळा झाला. मग वाचनालयाच्या इमारतीचा फोटो दिसला, जो मीच त्यावर लावला होता. तिनं फोटो उघडले. पायरीवरच्या दोघींपैकी एकीला आत बोलावून मालकाचा फोटो दाखवला. म्हातारीनं पडद्याला हात लावला. "पुसू नगंस गं," म्हणाली. "कोण पुसतंय आज्जे," सुभेदारीणबाई म्हणाली.

इथे सगळं संपायला हवं होतं. पण तिला खोटं खपत नव्हतं. "साहेब, एक सांगते," ती म्हणाली. "बिगुलवाला आपोआप मरत नसतोय. त्यो कप्पा कुणीतरी हातानं उडवलाय. काल मी गेल्यावर." तिनं मशीनमधल्या नोंदी काढून वेळ दाखवली.

चेअरमन म्हणाले, "आपणच बिघडवायचं आन आपणच दुरुस्त करून शाबासकी घ्यायची. धंद्याला चांगलं हाय."

"तोंड सांभाळून," ती म्हणाली. "तुमच्या बिस्किटाचा राग हितं काढू नगा."

कॅप्टनसाहेबांनी हात वर केला. "बाई, या नोंदी आम्हाला वाचता येत नाहीत. माणसाचं सांगणं कळतं. आण्णा इथेच होते. त्यांना विचारू."

"बराबर हाय," ती म्हणाली. ती निश्चिंत झाली होती, हे मला अजून दिसतं. "आण्णा, तुमी येवढं एकच सांगा. लाईट आल्यावर मशीन चालू झालतं का न्हाई?"

कुणी केलं हे तिनं मला विचारलं नव्हतं. तिला फक्त एक होकार हवा होता. तो दिला असता तर पुढचा प्रश्न माझ्याकडे आला असता. इतक्या वर्षांची माझी टापटीप, माझा कार्यवाहपणा, दालनाच्या फलकावर यायचं माझं नाव, सगळं त्या एका शब्दापलीकडे उभं होतं.

मी म्हणालो, "मला आठवत नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. रागानं नव्हे. बंद मशीनकडे बघायची तशी, आत काय झालं असेल याचा अंदाज घेत. मग डाव्या हातातल्या बांगड्या एकेक करून उजव्या हातात घातल्या. "बरं," म्हणाली आणि गेली.

त्यानंतर शाळेनं तिला बोलावणं थांबवलं. मग डेअरीनं, मग पंचायतीनं. कुणी भांडलं नाही, नुसते फोन येईनासे झाले. पुढच्या दसऱ्याला तिची स्कूटी गावात फिरली नाही. सुभेदार निवृत्त झाले, शिरवळला एका कारखान्यात त्यांना सुरक्षेची नोकरी लागली आणि ती तिकडे गेली. दालन थाटात उघडलं. फलकावर माझं नाव वरून दुसरं आहे. तिचं नाही.

काही वर्षांनी मी तिचा नंबर मिळवला. काय बोलायचं ते ठरवून, दार लावून फोन केला आणि आधी नुसतं हॅलो म्हणालो.

"आण्णा!" तिकडून तोच आवाज. "मशीन झोपलं का काय?"

ती इतक्या मोकळेपणानं बोलली की माझं ठरवलेलं वाक्य मागे सरलं. मी म्हणालो, "हो."

"शेवटचा हात कुणाचा?"

"माझा," मी म्हणालो. "माझाच."

 मग ती म्हणाली, "बरं झालं, सांगितलंसा. लोकं सांगत न्हाईत."

मग तिनं मला पायरी पायरीनं सगळं सांगितलं. बटण दाबून धरा. आता सोडा. काय दिसतंय? माझ्यासमोर माझं धडधाकट मशीन चालू होतं, त्यावर नातीचा फोटो होता. "काळा पडदा," मी म्हणालो. ती पुढचं सांगत गेली, मी दाबल्यासारखं करत गेलो. मधूनच तिच्या शेंगदाणे खाण्याचा आवाज येत होता. एकदाही ती कंटाळली नाही. "घाबरू नगा आण्णा, आतलं काई जात नसतंय," असंही म्हणाली.

"झालं का चालू?"

"झालं."

"आवाज का बसलाय तुमचा?"

"सर्दी झालीय."

"काढा घ्या. गिऱ्हाईक आलंय, ठिवते. आन दसऱ्याला आतनं कुंकू लावू नगा."

फोन बंद झाला. पुन्हा लावायचं मी पुष्कळदा ठरवलं. गेल्या हिवाळ्यात वाचनालयात कुणीतरी पेपर वाचता वाचता सहज म्हणालं, ती सुभेदारीणबाई वारली म्हणे शिरवळला. दुसऱ्यानं विचारलं, कोण? पहिल्यानं सांगितलं, ती नाही का, आपलं मशीन बिघडवलं होतं जिनं. मी तिथेच बसलो होतो. तेव्हाही बोललो नाही.

त्या दिवशी दार लावून फोन केला तेव्हा जे म्हणायचं ठरवलं होतं, ते एवढंच होतं. बाई, तुम्ही गेल्यावर लाईट आली आणि मशीन चालू झालं होतं. मला आठवत होतं.