ओढ्यावर घेतलेलं नाव

माझं माहेर सांगलीचं. घरात शिवी ऐकू आली की आई तोंडाला तिखट लावायची. त्यामुळे लग्न होऊन लोणंदजवळच्या या गावी आले आणि नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "चल गं, वढ्याला जायाचं. शिव्या द्यायला," तेव्हा मला चेष्टाच वाटली.

चेष्टा नव्हती. दोन गावांमधल्या ओढ्यावर त्या दुपारी दोन्हीकडच्या बायका जमतात, डफ-ताशे वाजायला लागतात, आणि पदर खोचून, हातवारे करत एकमेकींना शिव्यांची लाखोली वाहतात. याला 'बार' म्हणतात. नियम एकच. शिवी द्यायची ती पलीकडच्या अख्ख्या गावाला, नाव कुणाचं घ्यायचं नाही. पहिल्या वर्षी मी कानांवर हात ठेवून उभी होते, आणि बोटांच्या फटींतून सगळं ऐकत होते.

ही गोष्ट त्यानंतरच्या एका वर्षीची. माझ्या थोरल्या दिरांनी फलटणला दुसरा संसार थाटला होता. घराला माहीत, गावाला माहीत, पण बोलायचं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची! कुणी विचारलंच तर सासूबाई सांगायच्या, "कारखान्यात लय काम असतं त्याला." सणाला दीर यायचे. थोरल्या जाऊबाई पाट मांडायच्या, वाढायच्या, आणि ते परत गेले की त्यांची दातखीळ बसायची. पुढं पुढं जेवणच तुटलं. घास तोंडाशी नेला की जबडा आवळायचा. साताऱ्याच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, काही निघालं नाही. ते म्हणाले, "मनात काय आहे ते बोला." या म्हणाल्या, "मनात काय न्हाई." हाडांचा सापळा झाला होता त्यांचा. ही बाई अशीच जाणार, या भीतीनं मला झोप लागत नव्हती.

अशा तब्येतीत त्यांना गर्दीत नेऊ नये, असं माझं म्हणणं. सासूबाईंनीच आग्रह धरला. "यिऊ दे. जरा वारं लागंल."

काठावर मोबाईल उंचावलेले, मध्ये महिला पोलीस. बार रंगात आला होता. जाऊबाई माझा दंड धरून उभ्या होत्या. एकाएकी त्यांनी दंड सोडला, पुढं झाल्या आणि नवऱ्याचं नाव घेतलं. उखाण्याशिवाय कधी तोंडातून न निघालेलं नाव, आणि त्याच्यापुढं, "मुडदा बशिवला तुझा!" मग त्याच्या आईवरून एक कचकचीत शिवी.

ताशा थांबला. नियम मोडला होता. पलीकडं एक म्हातारी मघापासून आमच्या गावाचा उद्धार करत होती, तिचे हात हवेतच राहिले. तिनं जाऊबाईंकडं नीट पाहिलं. मग तेच नाव घेऊन तीही गरजली, "त्याचं थडगं बांधलं!" तिच्यामागून तिकडच्या साऱ्या बायका, मग आमच्याकडच्या. दोन्ही काठांवरून एकच नाव. मी काही फार देवभोळी नाही, तरी हात आपोआप जोडले गेले. गावाच्या पोटात साचलेलं कधीतरी बाहेर पडलं पाहिजे, हे कुठल्या काळातल्या बाईला कळलं असेल? आणि त्यासाठी वर्षातली एक दुपार, वर वाजंत्रीसुद्धा लावून देण्याची अक्कल तिला कुठून आली असेल?

तेवढ्यात सासूबाई पुढं सरकल्या. शिवी त्यांनाही बसली होती. मला वाटलं, आता मुस्काटात देणार. त्या सुनेसमोर उभ्या राहिल्या.

"मला बी दी. मोप दी. झाकून म्याच ठिवलं."

जाऊबाईंनी तोंड उघडलं, पण शिवी आली नाही. सासूबाईंच्या खांद्याला धरून त्या चिखलातच खाली बसल्या. आवाज पार बसला होता.

"आत्या, लय भूक लागलीया."

कुणीतरी पिशवीतून कालचं पुरणाचं दिंड काढून दिलं. सासूबाईंनी ते मोडलं आणि घास भरवला. जाऊबाई चावत होत्या, आणि आम्ही सगळ्या त्यांच्या जबड्याकडं बघत होतो.